बदल शास्त्राचा विषय कसा झाला: पार्मेनिडीजपासून ओरेमपर्यंत वाचनाची एक वाट

ज्याचे ज्ञान होऊ शकते ते स्थिर असले पाहिजे, ही ग्रीक तत्त्वचिंतनातील अतिशय बळकट धारणा होती. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोनांइतकी असते, हे काल खरे होते आणि उद्याही खरे असणार. परंतु आज हिरवा असलेला आंबा काही दिवसांत पिवळा होतो, आणि ‘हा आंबा हिरवा आहे’ हे विधान खरे असतानाच खोटे होण्याच्या मार्गाला लागलेले असते. अशा वस्तूंविषयी अनुभव असेल, अंदाज असेल. पण शास्त्र कसे असेल? प्लेटोने ‘टिमायस’ या संवादात विश्वाच्या उत्पत्तीचे वर्णन केले तेव्हा त्याला केवळ संभाव्य वृत्तांत म्हटले, ते याच अडचणीमुळे. या अडचणीतून वाट कशी निघाली, हे ज्याला मूळ ग्रंथांच्या आधारे समजून घ्यायचे आहे त्याच्यासाठी पुढील मार्गदर्शन आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बदलाचे शास्त्र एका झटक्यात उभे राहिले नाही. त्याचे दोन टप्पे आहेत आणि त्यांत सुमारे सतराशे वर्षांचे अंतर आहे. पहिल्या टप्प्यात ॲरिस्टॉटलने (इ.स.पू. ३८४–३२२) असे दाखवले, की बदलणारी वस्तू स्थिर नसली तरी बदलाची रचना स्थिर असते, आणि शास्त्र त्या रचनेचे असते. दुसऱ्या टप्प्यात चौदाव्या शतकातील ऑक्सफर्ड आणि पॅरिसच्या अध्यापकांनी बदलाला कमी-अधिक मात्रा असते आणि तिच्यावर गणित करता येते, असे दाखवले. लोकप्रिय इतिहासांत हे दोन्ही टप्पे गॅलिलिओच्या आधीची चाचपड म्हणून एकत्र गुंडाळले जातात. तसे वाचले की दोन्हींपैकी एकही नीट कळत नाही.

वाचनाची तयारी

ॲरिस्टॉटलचा ‘फिजिक्स’ हा ग्रंथ आठ भागांचा आहे आणि तो पहिल्या पानापासून सलग वाचू लागणारे बहुतेक जण पहिल्या भागाच्या मध्यावरच थांबतात. तो तसा वाचू नये. आधी पहिल्या भागाची सातवी व आठवी प्रकरणे, मग तिसऱ्या भागाची पहिली तीन, त्यानंतर दुसऱ्या भागातील पहिले व आठवे, आणि शेवटी सहाव्या भागातील दुसरे व नववे, असा क्रम ठेवावा. भाषांतर कोणतेही चालेल, परंतु कडेला बेकरचे आकडे छापलेले असावेत. इमॅन्युएल बेकरने बर्लिनमध्ये १८३१ साली प्रसिद्ध केलेल्या आवृत्तीचे पृष्ठ, स्तंभ आणि ओळ हे आकडे दाखवतात आणि जगभर संदर्भ त्यांनुसारच दिले जातात. गतीची व्याख्या २०१ व्या पृष्ठाच्या पहिल्या स्तंभात आहे असे कोणी म्हटले, तर ती कोणत्याही भाषांतरात क्षणात सापडते. शेजारी वही ठेवावी, कारण या वाचनात काही गोष्टी हाताने करून पाहाव्या लागतात.

आणखी एक सूचना. भाषांतरात ‘गती’ असा शब्द आला, तरी ॲरिस्टॉटलच्या मनात केवळ स्थलांतर नसते. पाणी तापणे, मूल वाढणे आणि दगड खाली पडणे या तिन्ही त्याच्या दृष्टीने गतीच आहेत: पहिली गुणाची, दुसरी परिमाणाची, तिसरी स्थानाची. एखादी वस्तू मुळातच नव्याने उत्पन्न होणे किंवा नष्ट होणे याला मात्र पाचव्या भागात तो बदल म्हणतो, गती म्हणत नाही, कारण तेथे आधीपासून नांदणारी आणि एका अवस्थेतून दुसरीत जाणारी वस्तू दाखवता येत नाही.

आधी आक्षेप पुरता समजून घ्यावा

दक्षिण इटलीतील इलिया या ग्रीक वसाहतीत इसवी सनपूर्व पाचव्या शतकात पार्मेनिडीजने एका पद्यात मांडलेला युक्तिवाद स्वतःच्या शब्दांत वहीत लिहून काढावा. जे उत्पन्न होते ते एकतर ‘असलेल्या’पासून होईल किंवा ‘नसलेल्या’पासून. असलेल्यापासून होत असेल, तर ते आधीच आहे, म्हणजे उत्पन्न झालेच नाही. नसलेल्यापासून तर काहीच होऊ शकत नाही. म्हणून उत्पत्ती नाही आणि बदलही नाही. हा युक्तिवाद हास्यास्पद वाटत असेल, तर तो अजून समजलेला नाही असे मानावे आणि त्याच्या कोणत्या पायरीला आपला नेमका आक्षेप आहे ते लिहिण्याचा प्रयत्न करावा.

मराठी वाचकाला येथे एक फायदा आहे. सांख्यकारिकेतील ‘असदकरणात्’ने सुरू होणारी नववी कारिका ज्याच्या कानावर आहे, त्याला पार्मेनिडीजचे अर्धे गृहीतक ओळखीचे वाटेल: जे नाही ते निर्माण करता येत नाही. सांख्यांनी त्यावरून बदल नाकारला नाही. कार्य हे कारणात आधीच असते असा सत्कार्यवाद काढला. मात्र हीच ओळख पुढे घोटाळाही करू शकते, आणि तो कोठे होतो हे लवकरच येईल.

तीन तत्त्वांची मांडणी

आता पहिल्या भागाचे सातवे प्रकरण. माझ्या मते सगळ्या ग्रंथाचा कणा येथे आहे, गतीच्या प्रसिद्ध व्याख्येत नाही. ॲरिस्टॉटलचे उदाहरण संगीत न येणाऱ्या माणसाला संगीत येऊ लागण्याचे आहे. हीच घटना आपण तीन तऱ्हांनी सांगतो, असे तो दाखवतो: ‘माणूस संगीतज्ञ झाला’, ‘संगीत न येणारा संगीतज्ञ झाला’ आणि ‘संगीत न येणारा माणूस संगीतज्ञ माणूस झाला’. तिन्ही वाक्ये खरी आहेत. पण बदल संपल्यावर यांतले काय उरते आणि काय उरत नाही, हा प्रश्न विचारला की रचना उघडी पडते. माणूस उरतो. ‘संगीत न येणे’ उरत नाही. आणि जे आधी नव्हते ते, म्हणजे संगीताचे ज्ञान, आता आहे. ही झाली तीन तत्त्वे: टिकून राहणारे अधिष्ठान, आलेला आकार (म्हणजे बाह्य ठेवण नव्हे, वस्तूला मिळालेले नवे रूप किंवा गुण) आणि गेलेला अभाव.

हे वाचून पुढे जाऊ नये. आपल्या परिचयाचा एखादा बदल घेऊन त्याला ही मांडणी लावून पाहावी. आंब्याचेच उदाहरण घेतले, तर अधिष्ठान आंबा आहे, आकार पिवळेपणा आहे आणि अभाव पिवळा नसण्याचा आहे. येथे काळजीपूर्वक पाहावे लागते, कारण अभाव म्हणजे वाटेल त्या गोष्टीचे नसणे नव्हे. आंब्याला संगीत येत नाही, हा त्याचा अभाव नाही. संगीत येण्याची पात्रताच त्याच्यात नाही. जो गुण त्या अधिष्ठानाला मिळू शकतो त्याचेच नसणे म्हणजे अभाव. त्यामुळे बदल कोठूनही कोठेही होत नाही, ठरावीक विरोधी टोकांमध्येच होतो. अगदी याच ठिकाणी बदल शास्त्राच्या आवाक्यात येतो: प्रत्येक आंबा वेगळा असेल, पण या अधिष्ठानात कोणते अभाव आणि कोणते आकार संभवतात, हे एका आंब्यापुरते उरत नाही.

मग आठव्या प्रकरणात पार्मेनिडीजला उत्तर मिळते. ॲरिस्टॉटल म्हणतो, की वैद्याने घर बांधले तर ते वैद्य म्हणून बांधले नाही, गवंडी म्हणून बांधले; वैद्याचे केस पिकले तर वैद्य म्हणून पिकले नाहीत. त्याचप्रमाणे ‘नसलेल्यापासून उत्पन्न होते’ हे एका अर्थाने खरे आहे, कारण संगीतज्ञ हा संगीत न येणाऱ्यापासून होतो. परंतु तो अभावाच्या पोटातून निघत नाही, अभाव ज्याच्या ठिकाणी होता त्या माणसापासून होतो. पार्मेनिडीजच्या दोन पर्यायांत हा ‘म्हणून’ नव्हता. तो घातला की कोंडी सुटते.

व्याख्या पचवण्याची रीत

तिसऱ्या भागाच्या पहिल्या प्रकरणात गतीची व्याख्या येते: जे शक्यतेच्या रूपात आहे त्याची, ते शक्यतेच्या रूपात असण्यापुरती, प्रत्यक्षता म्हणजे गती. सतराव्या शतकात फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने हिची अनाकलनीय म्हणून थट्टा केली, आणि पहिल्या वाचनात प्रत्येकाला देकार्तचेच खरे वाटते. ही व्याख्या सुटी न वाचता ॲरिस्टॉटलनेच दिलेल्या घराच्या उदाहरणावर तीन रकाने आखून वाचावी. पहिल्या रकान्यात विटा, चुना आणि लाकूड नुसते पडून आहेत: घर होण्याची शक्यता आहे, पण ती निजलेली आहे. तिसऱ्या रकान्यात घर पूर्ण झाले आहे: शक्यता संपली, कारण आता बांधण्याजोगे काही उरलेले नाही. मधल्या रकान्यात बांधकाम चालू आहे, आणि केवळ तेथेच ‘बांधण्याजोगे असणे’ ही शक्यता जागी असून अपुरी आहे. व्याख्येतले प्रत्येक पद या मधल्या रकान्याला लागू आहे आणि इतर दोन्ही रकान्यांना वगळते, हे स्वतः पडताळून पाहावे. विटा विटा म्हणून पहिल्या रकान्यातही पूर्ण प्रत्यक्ष आहेत, म्हणून ‘शक्यतेच्या रूपात असण्यापुरती’ ही अट लागते.

सत्कार्यवादाचा घोटाळा होतो तो येथे. शक्यता म्हणजे कारणात दडून बसलेले, अजून व्यक्त न झालेले कार्य, असे वाचले तर ॲरिस्टॉटल सांख्यांसारखा दिसू लागतो; परंतु त्याच्या मते विटांमध्ये घराचा आकार कोठेही लपलेला नसतो. तो आकार गवंड्याच्या कौशल्यातून येतो. विटांपाशी तो स्वीकारण्याची पात्रता तेवढी असते. तिसरे प्रकरण यालाच धरून वाचावे: शिक्षकाचे शिकवणे आणि विद्यार्थ्याचे शिकणे ही एकच गती आहे आणि ती विद्यार्थ्याच्या ठिकाणी घडते, जसा थीब्जहून अथेन्सला जाणारा आणि अथेन्सहून थीब्जला येणारा रस्ता एकच असतो. मी हे प्रकरण वगळू नका असे आग्रहाने सांगेन, कारण क्रिया आणि तिचा परिणाम या दोन वेगळ्या गती मानल्या तर बदलाची मोजदादच चुकते.

दुसरा भाग त्या मानाने सोपा जातो. निसर्ग म्हणजे वस्तूच्या स्वतःच्या ठिकाणी असलेले गतीचे व विरामाचे मूळ, हे पहिल्या प्रकरणात आहे. आठव्यात पावसाचे उदाहरण आहे: हिवाळ्यात वारंवार पाऊस पडला तर कोणी त्याला योगायोग म्हणत नाही, ऐन उन्हाळ्यात पडला तर म्हणतात. भूमध्य सागराच्या काठी पाऊस हिवाळ्यात पडतो, हे मृगाची वाट पाहणाऱ्या वाचकाने विसरू नये, नाहीतर उदाहरण उलटेच वाचले जाते. मुद्दा असा, की जे नेहमी किंवा बहुतेक वेळा घडते त्याचे शास्त्र होऊ शकते, निव्वळ योगायोगाचे होऊ शकत नाही. हाच निर्वाळा ‘मेटाफिजिक्स’च्या सहाव्या भागातही आहे. ‘बहुतेक वेळा’ एवढीशी सूट दिल्यामुळे आंब्यांचेही शास्त्र शक्य झाले, त्रिकोणांपुरते ते राहिले नाही.

सहाव्या भागात पार्मेनिडीजचा शिष्य झीनो याची गतीविरुद्धची कोडी येतात. उडता बाण प्रत्येक क्षणी आपल्याएवढ्याच जागेत असतो, म्हणून तो स्थिरच आहे, या कोड्याला उत्तर असे, की काळ क्षणांचा बनलेलाच नाही. क्षण ही काळाची सीमा आहे, तुकडा नव्हे. अंतर आणि काळ दोन्ही सारखेच अखंड विभाज्य आहेत, हा दुसऱ्या प्रकरणातील मुद्दा मात्र पक्का करून ठेवावा. चौदाव्या शतकातील गणित त्याच्याशिवाय उभे राहत नाही.

अलेक्झांड्रियापासून पॅरिसपर्यंत

दोन टप्प्यांच्या मधल्या काळात वाचण्यासारखे पुष्कळ आहे. तीन-चार थांबे पुरेत. इसवी सनाच्या सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या जॉन फिलोपोनसने लिहिले, की एकाच उंचीवरून दोन वजने सोडली आणि एक दुसऱ्याच्या कितीतरी पट जड असले, तरी पडण्याच्या वेळांतला फरक अगदीच थोडा असतो. इब्न सीनाने (९८०–१०३७) गतीचे दोन अर्थ वेगळे केले: आरंभ आणि शेवट यांच्या ‘मध्ये असणे’, जे चालत्या वस्तूच्या ठिकाणी प्रत्येक क्षणी खरे असते, आणि आरंभापासून शेवटापर्यंतचे पूर्ण आक्रमण, जे एकत्रितपणे केवळ मनात असते. झीनोच्या बाणाकडे या भेदातून पुन्हा पाहावे. ॲरिस्टॉटलच्या उत्तरात जी थोडी रुखरुख राहते ती येथे कमी होते.

बाराव्या शतकात व्हेनिसच्या जेम्सने ग्रीकमधून आणि टोलेडोत क्रेमोनाच्या जेरार्डने अरबीतून ‘फिजिक्स’ लॅटिनमध्ये आणले. १२१० साली पॅरिसमध्ये ॲरिस्टॉटलच्या निसर्गविषयक ग्रंथांवर व्याख्याने देण्यास बंदी झाली, आणि १२५५ मध्ये तेथील कला विद्याशाखेने तेच ग्रंथ अभ्यासक्रमात सक्तीचे केले. म्हणजे बदल हा पंचेचाळीस वर्षांत निषिद्ध विषयाचा परीक्षेचा विषय झाला.

या काळातील थॉमस अक्वायनसचे ‘फिजिक्स’वरील भाष्य उघडावे आणि फक्त पहिला पाठ वाचावा. शास्त्राचा विषय कोणता, असा प्रश्न करून तो उत्तर देतो: गतिशील सत्, म्हणजे जे आहे आणि बदलू शकते ते. गतिशील शरीर असे तो मुद्दाम म्हणत नाही, कारण प्रत्येक गतिशील गोष्ट शरीर असते हे याच ग्रंथात पुढे सिद्ध करायचे आहे, आणि कोणतेही शास्त्र आपला स्वतःचा विषय सिद्ध करत नसते. हा काटेकोरपणा पाहण्यासारखा आहे. बदल येथे शास्त्राची अडचण राहिलेला नाही; तो शास्त्राची व्याख्या करणारे पद झाला आहे.

मात्रेचे गणित हाताने करावे

दुसरा टप्पा अनपेक्षित ठिकाणी सुरू होतो. बाराव्या शतकातील पीटर लोम्बार्डच्या ‘सेंटेन्सेस’ या ईश्वरविद्येच्या पाठ्यग्रंथात, पहिल्या खंडाच्या सतराव्या विभागात, माणसाच्या ठिकाणचे ईश्वरप्रेम वाढू शकते का, हा प्रश्न आहे. ईश्वरविद्येच्या प्रत्येक उच्च विद्यार्थ्याला या ग्रंथावर भाष्य करावेच लागे, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या विद्वानांनी एकाच गोष्टीवर डोके चालवले: एखादा गुण वाढतो म्हणजे काय होते? जुन्यात नवा अंश मिळतो, की जुना जाऊन अधिक तीव्र असा नवा येतो? प्रेमाविषयीचा हा वाद उष्णतेला, पांढरेपणाला आणि मग वेगाला लागू झाला. गुणाला तीव्रतेची पायरी असते हे एकदा मान्य झाल्यावर त्या पायऱ्यांचे गणित करणे फार दूर राहिले नाही.

ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजातील थॉमस ब्रॅडवर्डाइनने १३२८ मध्ये वेगांच्या गुणोत्तरांवर ग्रंथ लिहिला. बल आणि प्रतिकार यांचे गुणोत्तर ३ ला १ असताना एक वेग मिळत असेल, तर त्याच्या दुप्पट वेगासाठी गुणोत्तर ६ ला १ नव्हे, ९ ला १ हवे, असा त्याचा नियम. निसर्ग असा वागत नाही. तरीही बल प्रतिकाराएवढेच असेल तर वेग शून्य, हे या नियमातून आपोआप निघते आणि साध्या प्रमाणातून निघत नाही. एकट्या माणसाने जोर लावला तर गलबत थोडेसुद्धा हलणार नाही, ही अडचण खुद्द ॲरिस्टॉटलला सातव्या भागात दिसली होती.

त्याच कॉलेजातील विल्यम हेट्सबरीने १३३५ मध्ये मध्यम वेगाचा नियम दिला: एकसारखा वाढत जाणारा वेग, मधल्या क्षणी जेवढा असेल तेवढ्याच स्थिर वेगाइतके अंतर त्या वेळात काटतो. पॅरिसमध्ये निकोल ओरेमने १३५० च्या दशकात त्याला आकृती दिली. ती आपण काढावी. आडव्या रेषेवर काळाचे चार तास घ्यावेत आणि प्रत्येक क्षणी त्या क्षणाच्या वेगाएवढी उभी रेषा उभारावी. वस्तू स्थिर अवस्थेतून निघून चौथ्या तासाच्या अखेरीस ताशी ८ कोसांचा वेग गाठते असे धरले, तर उभ्या रेषांची टोके जोडून त्रिकोण होतो. त्याचे क्षेत्रफळ १६, आणि तेवढेच कोस अंतर. ताशी ४ कोसांच्या स्थिर वेगाचा आयत काढला, तर त्याचेही क्षेत्रफळ १६ येते. आता त्रिकोण मध्यावर कापावा: पहिल्या अर्ध्या वेळात ४ कोस, दुसऱ्यात १२, म्हणजे तिप्पट. प्रत्येक तासाचे वेगळे काढले, तर १, ३, ५, ७ असे आकडे येतात.

आकृती काढताना दोन चुका टाळाव्यात. ती वस्तूच्या मार्गाचे चित्र नाही. उभी रेषा उंची दाखवत नाही, तीव्रता दाखवते, आणि म्हणूनच ओरेम हीच रीत तापलेल्या सळईच्या उष्णतेलाही लावतो. दुसरे असे, की यातले काहीही मोजलेले नव्हते. हे अध्यापक कल्पनेने गती गृहीत धरून तिचे परिणाम काढत; चेंडू घरंगळवून पाहावा असे कोणाला सुचल्याचे त्यांच्या ग्रंथांत दिसत नाही. याच काळातील पॅरिसच्या जाँ ब्युरिदाँचा आवेगाचा सिद्धान्त, म्हणजे फेकणाऱ्याने वस्तूत घातलेली शक्ती तिला पुढे नेते हे मत, इतिहासांत फार गाजते, पण तो गती का टिकते याचा शोध आहे. आपल्या प्रश्नासाठी तो नंतर वाचला तरी चालेल.

शेवटचा धागा सोळाव्या शतकात सापडतो. स्पेनच्या डोमिंगो दे सोतोने, खाली पडणारी वस्तू ही एकसारख्या वाढणाऱ्या वेगाचे उदाहरण आहे, असे जवळजवळ जाता जाता लिहिले. गॅलिलिओच्या १६३८ च्या ‘दोन नवी शास्त्रे’ या संवादरूप ग्रंथातील तिसऱ्या दिवसाच्या संवादात, वाढत्या वेगाच्या गतीविषयीचे पहिले प्रमेय उघडून ओरेमच्या आकृतीशेजारी ठेवावे. नियम तोच आहे, त्रिकोण आणि आयतही आहेत. मग थोडे पुढे जाऊन उताराचा प्रयोग वाचावा: सुमारे बारा हात लांबीच्या लाकडी तुळईत कोरलेली गुळगुळीत खाच, तिच्यातून सोडलेली काशाची गोळी, आणि बारीक नळीतून पेल्यात पडलेल्या पाण्याचे वजन करून काढलेली वेळ. ऑक्सफर्डच्या ग्रंथांत नियम होता, गोळी नव्हती. गॅलिलिओचे हे पान वाचताना आपण काढलेले १, ३, ५, ७ चे तुकडे शेजारी असू द्यावेत.